आजोबांना गोरं करू नका

एकसष्टी असो, शाळेचा सुवर्णमहोत्सव असो की संस्थापकांची पुण्यतिथी, तैलचित्र काढून घ्यायचं ठरतं. चित्रकाराच्या हातात लग्नाच्या अल्बममधला फोटो पडतो आणि वर सूचना: "जरा उजळ करा, सुरकुत्या काढा." एक विनंती आहे, तेवढं सांगू नका.

सावळ्या चेहऱ्यात रंग पुष्कळ असतात. गालावर तांबूस, कपाळावर पिवळट, दाढी केलेल्या हनुवटीवर करडा, खिडकीशी बसलं तर नाकाच्या शेंड्यावर आभाळाची निळसर झाक. यात पांढरा कालवला की सगळेच रंग फिके पडतात, चेहरा पीठ फासल्यासारखा दिसतो. उन्हातान्हात राबलेला, तापट किंवा मिश्कील माणूस त्यात उरत नाही.

उजेडाचंही तेच. फ्लॅश समोरून येतो आणि सावल्या खाऊन टाकतो. सा. ल. हळदणकरांचं दिवा घेतलेल्या स्त्रीचं चित्र आठवा. ते म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे. पुष्कळ जण ते रविवर्म्याचं समजतात, पण ते हळदणकरांचं आहे, तेही जलरंगातलं! त्यासाठी त्यांची मुलगी गीता उभी राहिली होती. ज्योत तळव्याआड आहे, बोटं आतून पेटल्यासारखी लालसर दिसतात आणि खालून आलेला उजेड ओठांवर, गालांवर रेंगाळतो. ज्योत जपणाऱ्या त्या मुलीचं मन हा उजेडच सांगतो. तिला ट्यूबलाइटखाली उभी केली असती तर काय उरलं असतं?

म्हणून माणूस हयात असेल तर त्याला चित्रकारासमोर बसवा, खिडकीजवळ, रोजच्या कपड्यांत. तासाभराने पोज गळते, खांदे मूळ जागी येतात. माणूस गेला असेल तर एका बाजूने उजेड पडलेला साधा फोटो शोधा आणि लकबी सांगा: बोलताना एक भुवई चढायची, राग आला की खालचा ओठ दाबायचे.

चित्र हाती आलं की जवळ जाऊन 'फिनिशिंग' तपासत बसू नका. रेम्ब्राँने १६६९ साली, मरणाच्या वर्षी, ६३व्या वर्षी काढलेल्या स्वतःच्या चित्रात चेहऱ्यावरचा रंग जाड आणि खरबरीत आहे. थकलेली कातडी त्या थरांनीच उभी केली आहे. ओठांच्या कोपऱ्यांत चित्रकार कडा पुष्कळदा मुद्दाम पुसट सोडतात, कारण भाव तिथेच हलतो. सहा-सात फूट मागे सरून बघा. तरीही ओळख पटली नाही, तर नेमकं काय खटकतंय ते सांगा, मान, जबडा की डोळे. तैलरंग आहे, बदलता येतो.