भिंतीतला ठोका

रात्री साडेअकराला वरच्या मजल्यावर कुणीतरी नळ बंद करतं आणि खालच्या बेडरूमच्या भिंतीत 'धाड्' असा ठोका बसतो. मागोमाग दोन-तीन बारीक ठोके. झोपलेली आजी दचकून उठते. मुळशी तालुक्यात भूगाव, भुकूम, पिरंगुट या पट्ट्यातल्या नव्या इमारतींत आणि बंगल्यांत राहणाऱ्यांना हा आवाज ओळखीचा वाटेल. प्लंबर येतो, नळ दोनदा उघडतो-मिटतो, 'पाइपात हवा धरलीय' म्हणतो आणि जातो. ठोका तिथेच राहतो.

हवेचा आवाज वेगळा असतो. टाकी रिकामी होऊन पुन्हा भरली, की नळ फुरफुरतो, पाणी थुंकल्यासारखं येतं आणि पाच-दहा मिनिटांत सगळं शांत होतं. नळ बंद करताच बसणारा एकच जोरदार ठोका हा मात्र वाहत्या पाण्याला अचानक थांबवल्याचा परिणाम असतो. इंजिनिअर त्याला वॉटर हॅमर म्हणतात. पाणी फारसं दबत नाही, त्यामुळे वाट बंद झाली की त्याची सगळी गती दाबाच्या लाटेत बदलते आणि ती लाट पाइपातून मागेपुढे धावते. रशियन शास्त्रज्ञ निकोलाय झुकोव्हस्की यांनी मॉस्कोच्या पाणीपुरवठ्याच्या नळांवर प्रयोग करून 1898 च्या सुमारास याचं गणित मांडलं. त्या गणितानुसार प्लास्टिकच्या पाइपात सेकंदाला दीड मीटर वेगाने जाणारं पाणी एकदम अडवलं, तर दाब साधारण 6 ते 7 बारने उसळतो. म्हणजे क्षणभर गच्चीवरची टाकी 60-70 मीटर उंच गेल्यासारखं होतं. जुन्या लोखंडी पाइपात हाच आकडा दुपटीच्या वर जातो.

मुळशीला हे शास्त्र परकं नाही. ज्या धरणाविरुद्ध 1921 मध्ये सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह झाला, त्याच धरणाचं पाणी 1927 पासून सुमारे 500 मीटर खाली कोकणात भिऱ्याच्या वीजकेंद्राकडे पोलादी नळांतून जातं. पायथ्याशी दाब 50 बारच्या आसपास. अशा केंद्रांत पाण्याची वाट कधीही झटक्यात बंद करत नाहीत. झडपा सावकाश मिटवतात आणि उसळी जिरवायला वेगळी सोय ठेवतात. घरात मात्र आपण दोन्ही विसरतो.

पूर्वीचा पितळी नळ चार फेरे फिरवून बंद व्हायचा, पाणी हळूहळू थांबायचं. आताचा एका दांडीचा नळ बोटाच्या टिचकीने मिटतो. वॉशिंग मशीनची विजेवरची झडप तर त्याहून झटकन बंद होते. त्यात भर प्रेशर पंपाची. टाकी शॉवरपेक्षा तीन मीटर उंच असेल तर दाब जेमतेम 0.3 बार मिळतो, आणि हॉटेलसारखी धार हवी म्हणून 2-3 बारचा पंप बसतो. दाब वाढला की पाण्याचा वेग वाढतो, वेग वाढला की ठोका वाढतो. एवढ्या धारेची गरज किती घरांना असते? शिवाय पट्ट्यातल्या अनेक सोसायट्या उन्हाळ्यात टँकर मागवतात. विकत घेतलेलं पाणी दुप्पट वेगाने मोरीत सोडण्याची हौस जरा अजबच.

बाकीचे आवाजही ऐकून ओळखता येतात. गरम पाणी सोडल्यावर भिंतीत कटकट झाली तर पाइप लांबतोय. दहा मीटरचा सीपीव्हीसी पाइप 40 अंशांनी तापला, तर जवळपास अडीच सेंटिमीटर वाढतो आणि क्लॅम्पला घासतो. नळ अर्धा उघडल्यावर घरघर येत असेल तर आधी वायसर बदलावा, काही रुपयांचं काम. रात्री कुणी नळ उघडलेला नसताना पंप मिनिटा-दोन मिनिटांनी चालू-बंद होत असेल तर कुठेतरी गळती आहे. बहुतेक वेळा फ्लशची टाकी.

'सवय होते हो' हे उत्तर आरोग्याच्या दृष्टीने पुरेसं नाही. जागतिक आरोग्य संघटनेने 1999 मध्ये झोपण्याच्या खोलीत सलग आवाज 30 डेसिबलपर्यंत आणि एखादा सुटा आवाज 45 डेसिबलपर्यंतच असावा, असं सुचवलं. पाइप भिंतीत घट्ट गाडलेला असेल तर अख्खी भिंतच ढोलकीसारखी वाजते. दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. दाबाच्या लाटेपाठोपाठ दाब क्षणभर खूप खालीही येतो. जमिनीतला पाइप सांध्यावर गळका असेल आणि शेजारी ड्रेनेजचा चेंबर असेल, तर त्या क्षणी बाहेरचं पाणी आत ओढलं जाऊ शकतं. रोज हादरे बसून सांधे सैल होतात, ते वेगळंच.

उपाय स्वस्तापासून सुरू करावेत. बेसिनखालचा अँगल कॉक थोडा मिटवून बघावा, निम्म्या घरांत तेवढ्याने फरक पडेल. मग पंपाचा दाब कमी करावा किंवा दाब कमी करणारा व्हॉल्व्ह बसवावा. उघडे पाइप रबर लावलेल्या क्लॅम्पने धरावेत. वॉशिंग मशीनजवळ ठोका शोषणारा अरेस्टर लावावा, पण बंद पडद्याचा किंवा पिस्टनचा. वर टोपण लावलेला उभा पाइपाचा तुकडा काही महिने चालतो, मग त्यातली हवा पाण्यात विरघळून जाते आणि ठोका परत येतो.

खरी अडचण भिंतीआड आहे. फ्लॅट बघायला गेलेलं कुटुंब टाइल्सची कंपनी विचारतं, पाइप कुठून गेलाय हे विचारत नाही. ताब्याच्या कागदांसोबत पाइपांचा नकाशा देणं बिल्डरांवर बंधनकारक व्हायला हवं. तोवर ज्यांचं बांधकाम चालू आहे, त्यांनी टाइल्स बसण्याआधी प्रत्येक भिंतीचा मोबाइलवर फोटो काढून ठेवावा, शेजारी मोजपट्टी धरून.