दोन बिलांचा धंदा

खरीप तोंडावर आला की निघणारी तंबी यंदाही निघाली आहे: लिंकिंग (मागितलेल्या खताबरोबर नको असलेला माल गळ्यात मारणे) आढळल्यास विक्रेत्याचा परवाना निलंबित. आणि यंदाही आमच्या टेबलावर तीच पत्रे येऊन पडली आहेत. मराठवाड्यातल्या आमच्या एका सभासद विक्रेत्याने दोन बिलांच्या प्रती जोडल्या आहेत. एक युरियाचे. दुसरे त्याच कंपनीच्या नॅनो युरियाच्या बाटल्या, विद्राव्य खते आणि सूक्ष्म अन्नद्रव्यांचे. तारखा वेगळ्या, गाडी एकच. दुसरे बिल नको म्हटले, तर पुढच्या रेकला पहिल्याचाही माल मिळत नाही. हे कुठे लिहिलेले नसते. कंपनीचा प्रतिनिधी फोनवर सांगतो.

मुदत संपण्याआत दुसऱ्या बिलाचा हा माल खपवायचा, म्हणून तो शेतकऱ्याच्या गळ्यात जातो. शेतकऱ्याला दुकान दिसते, कंपनी दिसत नाही. तक्रार दुकानाच्या नावाने होते. भरारी पथक येते, साठा रजिस्टर आणि पॉसवरची शिल्लक ताडते, भावफलक बघते, खुलासा मागवते. खुलाशात कंपनीचे नाव घातले की उत्तर ठरलेले: लेखी पुरावा द्या. फोनवरच्या दमदाटीचा लेखी पुरावा कसा मिळवायचा, याचेही एक परिपत्रक गुण नियंत्रण विभागाने काढावे. जीवनावश्यक वस्तू कायदा, १९५५ च्या कलम १० मध्ये कंपनीच्या जबाबदार अधिकाऱ्याला दोषी धरण्याची तरतूद आहे. ते कलम उघडायला निरीक्षकांना सवड होत नाही. शिक्षेचे कलम ७ मात्र तोंडपाठ.

वर्तमानपत्रे याला 'विक्रेत्यांची हाव' म्हणतात. नफ्याची आम्हाला लाज नाही. पेरणीच्या दिवसांत पहाटे शटर उघडणारा आणि पीक निघेपर्यंत उधारी ओढणारा दुकानदार अन्नछत्र चालवत नाही. चार पैसे सुटतील या आशेनेच आडगावात बियाणे वेळेवर पोचते. पण त्या नफ्याला शेजारच्या दुकानाचा लगाम असतो. दर पटला नाही की शेतकरी उठून तिकडे जातो. युरियाचे तसे नाही. ४५ किलोचे पोते २६६ रुपये ५० पैशांना, हा दर सरकारने बांधलेला. त्यात हात घालता येत नाही, म्हणून पैसा आडवाटेने काढला जातो. टंचाईत शेतकरी दुसऱ्या दुकानात गेला, तरी पोत्यासोबत तीच बाटली पुढे येते. ज्याला 'नको' म्हणताच येत नाही त्याच्याकडून घेतलेल्या पैशाला आम्ही नफा म्हणणार नाही. मग तो कंपनीने घेतलेला असो की आपण.

आपण म्हणालो ते मुद्दाम. पत्रे लिहिणारे सगळेच सोवळ्यातले नाहीत. कंपनीने लादलेल्या बाटलीवर काही जण आपल्या मर्जीचे टॉनिकही जोडतात. जैव उत्तेजके २०२१ मध्ये खत नियंत्रण आदेशाखाली आली, तरी ओ फॉर्म नसलेल्या बाटल्या काही फळ्यांवर आजही आहेत. त्यांतले मार्जिन युरियाच्या कमिशनच्या कित्येक पट, त्यामुळे लिंकिंगबद्दल या मंडळींची तक्रार फक्त बैठकीपुरती असते. परवाना अडकला की मात्र धावत संघटनेकडे येतात. अशांसाठी आम्ही शब्द टाकणार नाही.

बाकीच्यांनी आता हातपाय हलवावेत. न मागितलेला माल उतरवून घेऊ नका. घ्यावाच लागला, तर बिल्टीवर 'मागणी नसताना पाठवला' असे लिहून शिक्का मारा, गाडीवाल्याची सही घ्या आणि त्याच दिवशी कंपनीला व जिल्हा अधीक्षक कृषी अधिकारी कार्यालयाला ई-मेल करा. मागितला जातो तो लेखी पुरावा हाच. एकट्याने केले तर पुढचा रेक हुकेल, ही भीती खरी आहे. म्हणून तालुक्यातल्या सर्वांनी एकाच दिवशी करा. दोन्ही बिले आणि बिल्टीच्या प्रती २० तारखेपर्यंत आमच्याकडे पोचल्या पाहिजेत. दुकानाचे नाव छापणार नाही. गेल्या खेपेस मोजक्याच दुकानांनी कागद पाठवले, त्यातही मोबाइलवरच्या काही फोटोंत बिलाचा नंबरच दिसत नव्हता. झेरॉक्स पाठवा.