घरकामाचे मोल

एखाद्या गृहस्थास त्याच्या घरी किती माणसे काम करतात असे विचारले, तर पुष्कळदा तो ‘मी एकटाच’ असे उत्तर देतो. त्याची पत्नी पहाटे उठल्यापासून रात्री निजेपर्यंत राबत असते. परंतु महिनाअखेरीस तिच्या हाती पगार पडत नाही, म्हणून तिचे श्रम कोणाच्या मोजणीतच येत नाहीत. हा समज जितका रूढ आहे, तितकाच तो चुकीचा आहे.

उन्हाळ्यात घरोघरी पापड लाटले जातात, कुरडया घातल्या जातात, वर्षाचे धान्य ऊन देऊन साठविले जाते, जुन्या लुगड्यांच्या गोधड्या शिवल्या जातात. याच वस्तू बाजारातून आणल्या, तर सामानाच्या किमतीबरोबर करणाराची मजुरीही द्यावी लागते. घरी केल्या म्हणजे ती मजुरी वाचते. पण वाचते म्हणजे काय? घरातील कोणीतरी ती आपल्या श्रमांनी फेडलेली असते. पाळणाघरास पैसे द्यावे लागतात. स्वयंपाकास बाई ठेवली तर तिलाही वेतन द्यावे लागते. मग तेच काम आईने किंवा वडिलांनी केले, तर ते फुकट कसे ठरावे?

पिगू या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने या विसंगतीवर नेमके बोट ठेवले होते. एखाद्या गृहस्थाने आपल्या स्वयंपाकिणीशी विवाह केला, तर देशाचे उत्पन्न हिशेबात घटते, असे त्याने दाखवून दिले. चूल तीच, अन्न तेच, श्रमही तेच. केवळ वेतन बंद झाले, एवढाच फरक!

हे श्रम थोडेथोडके नाहीत. भारत सरकारने २०१९ साली लोक आपला वेळ कसा खर्च करतात याची पाहणी केली. घरकाम करणाऱ्या स्त्रियांचे त्यात दररोज सरासरी २९९ मिनिटे, म्हणजे जवळजवळ पाच तास जातात, असे आढळले. घरकामास हात लावणारे पुरुष शंभरात केवळ २६ होते, आणि तेही सरासरी ९७ मिनिटेच ते काम करीत.

हे काम थांबले तर काय होईल, याचे प्रत्यंतर आइसलँड या देशास आले. २४ ऑक्टोबर १९७५ रोजी तेथील सुमारे ९० टक्के स्त्रियांनी नोकरी व घरकाम ही दोन्ही एक दिवस बंद ठेविली. कित्येक बापांना मुले बरोबर घेऊन कामावर जावे लागले. पुढल्याच वर्षी तेथे स्त्रीपुरुषसमानतेचा कायदा झाला. भारतातही २००१ साली सर्वोच्च न्यायालयाने, जमशेदपूर येथील १९८९ च्या आगीत दगावलेल्या गृहिणींची भरपाई ठरविताना, त्यांच्या सेवेस रुपयांत मोल असते हे मान्य केले.

आईच्या मायेची किंमत करू नये, असे कोणी म्हणतात. माया तोलता येत नाही, हे खरेच. परंतु मायेचे नाव पुढे करून श्रमांचा हिशेब टाळणे न्यायाचे नाही. मुलांच्या संगोपनासाठी आईने वा वडिलांनी नोकरी सोडली, तर पाळणाघराचा, प्रवासाचा व विकतच्या खाण्याचा खर्च वाचतो. पण त्याबरोबर पगार, पुढील बढती आणि म्हातारपणची पुंजीही जाते. म्हणून हा निर्णय दोघांनी मिळून, दोन्ही बाजू तोलूनच घ्यावयास हवा. आणि एकदा तो घेतला, की घरात येणारा पैसा दोघांचा मानला पाहिजे. घरी राबणाऱ्यास भाजीच्या दोन रुपयांचाही जाब द्यावा लागावा आणि कमावणाऱ्याने मात्र कोणास न विचारता मोठी खरेदी करावी, ही रीत योग्य नव्हे.

या हिशेबात मुलांचाही वाटा आहे. जेवणानंतर आपले ताट उचलून घासणारा मुलगा आईवर उपकार करीत नाही. ज्या घराचे अन्न तो खातो, त्या घराचे देणे तो फेडीत असतो. हे ज्याला लहानपणीच उमगले, त्याच्या घरी पुढे ‘काम करणारा मी एकटाच’ असे कोणी म्हणणार नाही.