गणित मैदानावर आणा

दहावीच्या गणितात 35 ऐवजी 20 गुणांवर विद्यार्थ्याला पुढे सोडण्याची राज्य अभ्यासक्रम आराखड्यातील वाट म्हणजे शिकवण्यातली उणीव गुणपत्रिकेत भरून काढणे होय. उंबरठा खाली आणल्याने गणिताची भीती जात नाही. ती वर्गातल्या कृतीने जाते.

समरूप त्रिकोणांचे उदाहरण पुरेसे आहे. दीड मीटरच्या काठीची सावली 2 मीटर पडते, त्याच वेळी ध्वजस्तंभाची 12 मीटर. म्हणजे स्तंभ 9 मीटर उंच. एक फीत, एक काठी आणि ऊन एवढेच साहित्य. ऊन नसेल तर कोनमापक, पोकळ नळी आणि दगड बांधलेला दोरा यांतून उन्नत कोन मोजता येतो व त्रिकोणमितीचे कोष्टक कामाला लागते. पायाची आखणी करणारा गवंडी 3-4-5च्या दोरीने काटकोन साधतो. पायथागोरसचे प्रमेय पाठ करणाऱ्यांनी त्याला एकदा तरी पाहावे. वस्तू व सेवा कराच्या धड्याला किराणा दुकानाची खरी पावती चालते.

अडचण वेळेची आहे. एका मोजणीत दोन तासिका जातात आणि लेखी परीक्षेत तिला जागा नाही, म्हणून शिक्षक फळ्याकडेच वळतात. तेव्हा अंतर्गत मूल्यमापनाच्या 20 गुणांपैकी निम्मे गुण विद्यार्थ्याने स्वतः केलेल्या मोजणीच्या नोंदीला द्यावेत आणि त्यासाठीच्या तासिका मंडळाने वेळापत्रकातच राखून ठेवाव्यात.