भीतीचा शिक्का

चित्रपट सुरू होताना आधी सेन्सॉरचे प्रमाणपत्र येते, मग कंपनीचा शिक्का. जुन्या पिढीतली माणसे चित्राच्या नावाआधी कंपनीचे नाव विचारीत. ‘प्रभात’चे चित्र म्हटले की तुतारी फुंकणारी स्त्री डोळ्यांपुढे येई. १९२९ साली कोल्हापुरात निघालेली आणि १९३३ मध्ये पुण्याला गेलेली ही कंपनी बंद पडून जमाना झाला, तिच्या जागेत फिल्म इन्स्टिट्यूट उभी राहिली, तरी ती तुतारी लोक विसरले नाहीत. शिक्का म्हणजे हमी. आतला माल चोख आहे, एवढे तो सांगतो.

मग भुताखेतांचे चित्रपट काढणारी कंपनी कसली हमी देते? सरळ उत्तर आहे, घाबरवण्याची. पण ही हमी शिक्क्यातच द्यायची रीत तशी अलीकडची आहे. अमेरिकेच्या युनिव्हर्सल कंपनीने १९३१ साली ‘ड्रॅक्युला’ आणि ‘फ्रँकेन्स्टाईन’ काढले, तेव्हा सुरुवातीला पृथ्वीच्या गोलाभोवती एक विमान घिरट्या घाली. त्याच कंपनीच्या विनोदी चित्रालाही तेच विमान. ‘फ्रँकेन्स्टाईन’मध्ये मात्र एक नट पडद्याआडून पुढे येतो आणि प्रेक्षकांना बजावतो की, पुढचे पाहून तुम्हाला धक्का बसेल. गारुडी टोपलीचे झाकण उघडण्याआधी जे बोलतो, तेच हे.

आता त्या माणसाचे काम शिक्काच करतो. ‘सॉ’ नावाची रक्तपाताची मालिका काढणाऱ्या ट्विस्टेड पिक्चर्सच्या नावाभोवती काटेरी तार आवळत जाते. ब्लमहाऊस कंपनीच्या शिक्क्यात अंधारे घर, आपोआप सरकणारी खुर्ची, लुकलुकणारा दिवा. कथा सुरू व्हायची आहे, कोणाचे नावही कळलेले नाही, तरी छाती धडधडू लागते. याच कंपनीचा मालक जेसन ब्लम ‘पॅरानॉर्मल ॲक्टिव्हिटी’चा एक निर्माता होता. मी हिशेबाचा माणूस, म्हणून आकडा सांगतो. ते चित्र सुमारे १५ हजार डॉलरमध्ये तयार झाले आणि २००९ साली सर्वत्र लागल्यावर जगभरातून त्याने १९ कोटी डॉलरच्या वर गल्ला जमवला. भीतीइतका स्वस्त कच्चा माल दुसरा नाही.

यातली अर्धी करामत आवाजाची असते. इंग्लंडच्या रँक कंपनीच्या शिक्क्यात एक धिप्पाड पैलवान भल्यामोठ्या घंटेवर टोला मारी. ती घंटा कागदाच्या लगद्याची होती! खरा आवाज जेम्स ब्लेड्स नावाच्या वादकाने दुसऱ्याच, लहान घंटेवर काढलेला होता. घरातल्या आयाबहिणींना म्हणून एक सुचवतो. मूल मोबाईलवर असले काही बघून रात्री झोपत नसेल, तर त्याला रागावू नका. तोच तुकडा दिवसा त्याच्यासोबत आवाज बंद करून पाहा. दार करकरत नाही, कुत्रे रडत नाही, उरतो तो तोंडाला रंग फासलेला एक माणूस. बहुतेक पोरे हसू लागतात.

आपल्याकडे या धंद्याचे घराणे म्हणजे मुंबईचे रामसे. वडील फतेचंद रामसिंघानी फाळणीनंतर कराचीहून आलेले, रेडिओच्या दुकानाचे मालक. मुले सात. ‘एक नन्ही मुन्नी लडकी थी’ (१९७०) हे त्यांचे चित्र पडले, पण त्यातल्या मुखवटाधारी चोराच्या प्रसंगाला लोक पुन्हा पुन्हा येतात, हे पोरांनी हेरले. मग १९७२ मध्ये ‘दो गज जमीन के नीचे’ आले. घरचीच माणसे सगळी कामे करणार, बाहेरचा खर्च कमीत कमी. ‘पुराना मंदिर’ (१९८४), ‘वीराना’ (१९८८), ‘बंद दरवाजा’ (१९९०) ही चित्रे भाड्याच्या व्हीसीआरवर खेडोपाडी पोचली. १९९३ साली ‘झी हॉरर शो’ आला आणि रामसे थेट घरात शिरले. ‘पुराना मंदिर’मधला अक्राळविक्राळ सामरी करणारा नट शिकलेला इंजिनिअर होता, हेही मुलांना जरूर सांगा.

या बंधूंच्या कष्टाबद्दल मला आदरच आहे. तक्रार वेगळी आहे. त्यांच्या आधीच्या ‘महल’ (१९४९), ‘बीस साल बाद’ (१९६२), ‘वह कौन थी’ (१९६४) या चित्रांत पांढऱ्या साडीतली बाई दिसे, गाणे ऐकू येई, पण शेवटी भुताच्या मागे माणूसच निघे. रामसेंनी भूत खरे करून टाकले. आणि भूत खरे म्हटले की त्यावरचा उतारा आला. कुठे त्रिशूळ, कुठे ओम, कुठे मांत्रिक. पोलीस निकामी, डॉक्टर निकामी. भीती एकाने विकायची आणि ताईत दुसऱ्याने, असा हा जुनाच भागीदारीचा धंदा आहे.

भुतांनाही जात असते बरे का! मुंज झालेला ब्राह्मण मुलगा मेला तर मुंजा, विद्वान ब्राह्मण मेला तर ब्रह्मराक्षस. मेल्यावरही चातुर्वर्ण्य सुटत नाही. मॅडॉक फिल्म्सचा, आदित्य सरपोतदारांनी दिग्दर्शित केलेला ‘मुंज्या’ २०२४ मध्ये गाजला. त्यातले कोकण छान टिपले आहे, विनोदही आहे. पण मुंजाचे घर कोणते? पिंपळ. ज्या झाडाखाली तथागतांना बोधी मिळाली, त्याच झाडाखालून रात्री जाऊ नको, असे आपल्याही काही घरांत मुलांना अजून सांगतात. बावीस प्रतिज्ञांची तसबीर त्याच भिंतीवर असते.

आपल्या मराठवाड्यात हे पडद्यापुरते राहत नाही. भानामतीच्या नावाने इथे बायकांचे हाल झाले आहेत. डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात खून झाला आणि त्याच वर्षी जादूटोणाविरोधी कायदा झाला. करणी केली म्हणून एखाद्याला छळणे, साप चावलेल्याला दवाखान्यात न जाऊ देता मंत्र घालणे हे त्यात गुन्हे आहेत. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत. सिनेमाचे भूत तीन तासांत संपते, पण ज्या बाईवर चेटकीण म्हणून बोट ठेवले, तिला त्याच गल्लीत राहून त्याच नळावर पाणी भरावे लागते.

तरी सगळीच भयचित्रे मी मोडीत काढणार नाही. विशाल फुरियांचा ‘लपाछपी’ २०१७ साली आला. पूजा सावंत यांनी त्यात गरोदर बाईचे काम केले आहे. उसाच्या फडातले एकाकी घर, बाहेर पडायला वाट नाही. त्यात आत्मे आहेत, पण गुन्हा माणसांचा आहे, मुलगी नको म्हणणाऱ्या घराचा. ऊस आणि नको असलेली मुलगी, हे बीडच्या वाचकाला समजावून सांगायला नको. २०११ च्या जनगणनेत आपल्या जिल्ह्यात सहा वर्षांखालील हजार मुलग्यांमागे ८०७ मुली होत्या, राज्यात सर्वांत कमी.

हे चित्र वस्तीत दाखवावे आणि शिक्का येण्याआधी पडद्यावर तो ८०७ चा आकडा लावावा, असे मी आमच्या मंडळाच्या बैठकीत मांडले आहे. काही ज्येष्ठांचे म्हणणे पडले की, बायका घाबरतील. महिला मंडळाला विचारून ठरवू, यावर बैठक संपली.