आजीचा स्वभाव आजीलाच विचारा, पण एकटीला

कोपर स्टेशनात उतरलं की खाली कल्याणकडे जाणारी लोकल आणि वरून वसई-दिवा मार्गाची गाडी. पलीकडे खाडी. चहूबाजूंनी इमारती उभ्या राहिल्या, तरी जुन्या गावठाणात अजून ओटी आहे आणि ओटीवर आजीही आहे. जन्मभर भाताची लावणी केलेल्या या आजीकडे आता सरकारी कागद येतो. आशाताई विचारते, "आजी, गेल्या दोन आठवड्यांत उदास वाटलं का? कशात मन लागत नाही असं झालं का?" शेजारी सून उभी, दारात मुलगा. आजी सुनेकडे बघते आणि म्हणते, "मना काय होतंय? बरी हाय मी." कागदावर शून्य पडतं आणि आशाताई पुढच्या घरी जाते.

यात आशाताईचा दोष नाही. तिला गावभर फिरायचं असतं आणि फॉर्ममागे मिळणारे पैसे तुटपुंजे. हा फॉर्म तीस वर्षांवरच्या प्रत्येकाचा भरायचा असतो. उदासीच्या दोन प्रश्नांना प्रत्येकी ० ते ३ गुण, बेरीज ३ च्या वर गेली तर पुढे डॉक्टरकडे. साठीच्या पुढच्यांना आणखी विचारतात: तोल जातो का, जवळच्या माणसांची नावं किंवा घरचा पत्ता विसरता का? आता तुम्हीच सांगा, जो पत्ता विसरतो तो आपण विसरतो हे तरी लक्षात ठेवून सांगेल का?

हा प्रश्न एका फॉर्मपुरता नाही. माणसाचा स्वभाव मोजायच्या बहुतेक प्रश्नावल्यांची हीच गोची आहे. तुम्ही चिडखोर आहात का, मनमिळाऊ आहात का, काम नेटानं पुरं करता का, हे ज्याचं त्यालाच विचारायचं आणि तो सांगेल ते खरं धरायचं. तरुण, शिकलेल्या, कागदाची सवय असलेल्या माणसाचं एकवेळ चालून जातं. पण आयुष्यभर "तुला काय वाटतं?" असं कुणी विचारलंच नाही, त्या बाईचं काय?

१९४४ सालची गोष्ट. बंगालच्या दुष्काळाला वर्ष झालं होतं. कोलकात्याजवळ सिंगूर इथं घरोघर तब्येतीची विचारपूस झाली. विधुर पुरुषांपैकी ४८.५ टक्के म्हणाले, आम्ही आजारी आहोत किंवा तब्येत बरी नाही. विधवा बायकांत असं म्हणणाऱ्या निघाल्या अवघ्या २.५ टक्के. म्हणजे विधवा ठणठणीत होत्या का? अमर्त्य सेन यांनी हे आकडे पुढे आणून दाखवलं, की त्या बायकांनी स्वतःच्या दुखण्याला दुखणं म्हणायचंच सोडून दिलं होतं.

आता आपल्या काळाकडे या. देवनारच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेनं २०१७-१८ मध्ये देशभरातल्या ४५ वर्षांवरच्या ७० हजारांहून जास्त लोकांची पाहणी केली. साठीच्या पुढच्यांत "मला नैराश्याचं निदान झालंय" असं सांगणारे ०.८ टक्के निघाले. लक्षणं एकेक करून विचारली, तेव्हा मोठं नैराश्य असावं असे ८.३ टक्के निघाले. दहापट फरक. डॉक्टरपर्यंत न पोचलेले यात पुष्कळ असणार. पण नेमकं विचारल्याशिवाय ते दिसलेच नाहीत, हे विसरता येणार नाही.

स्वभावाच्या मापाचंही तसंच. २३ गरीब व मध्यम उत्पन्नाच्या देशांत सुमारे ९५ हजार लोकांना समोर बसवून विचारलेल्या उत्तरांचा अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झाला. नेहमीचे प्रश्न जे मोजायला काढले होते, ते बहुतेक ठिकाणी मोजतच नव्हते. एक कारण आपल्या चांगल्या ओळखीचं: विचारणाऱ्याच्या "हो"ला "हो" म्हणायची सवय. पाहुणा दारात आला, त्याला नाही कसं म्हणायचं?

मग म्हातारपणी माणसाचं स्वतःबद्दलचं म्हणणं सोडूनच द्यायचं का? मुळीच नाही. अमेरिकेत कोस्टा आणि मॅक्रे यांनी १९८८ साली दाखवलं, की सहा वर्षांच्या अंतरानं माणसाला स्वतःला विचारा की जोडीदाराला, वयामुळे स्वभाव फारसा ढळत नाही असंच दोन्हींतून दिसतं. स्कॉटलंडमध्ये १९५० साली १,२०८ मुलांचा स्वभाव शिक्षकांनी नोंदला होता. त्यातल्या १७४ जणांनी ७७ व्या वर्षी स्वतःची नोंद केली, जवळच्या माणसानंही केली. सरळ ताळा केला तर काहीच जुळेना. मोजणाऱ्याच्या नजरेतला फरक बाजूला काढला, तेव्हा निदान मनाच्या स्थिरतेचा धागा ६३ वर्षांनंतरही सापडला. म्हणजे सांगणारा कोण, यानंही घोळ घातला होता.

हा घोळ महागात पडतो. स्मृतिभ्रंशाच्या एका प्रकारात आधी आठवण जात नाही, स्वभाव जातो. शांत माणूस तोंडाळ होतो, काटकसरी माणूस पैसे उधळतो. त्याला विचाराल तर तो म्हणेल, मी होतो तसाच आहे. घरचे म्हणतात, म्हातारपणी डोकं फिरलं. भांडणात वर्षं जातात आणि डॉक्टरकडे जायला उशीर होतो. म्हणूनच या आजाराच्या देशव्यापी पाहणीत वृद्धांच्या चाचण्या घेतल्याच, शिवाय त्यांना ओळखणाऱ्या एका माणसालाही वेगळं विचारलं. त्यातून ६० वर्षांवरच्यांत ७.४ टक्के हा आकडा २०२३ साली पुढे आला.

मोठ्या पाहणीला जे जमतं, ते कोपरच्या ओटीवर का जमू नये? आजीला एकटीला विचारा, सून-मुलगा आत जाऊ द्या. तिच्या आगरी बोलीत विचारा. "उदास वाटतं का?" याऐवजी "भजनाला शेवटची कधी गेलीस? बाजारात जातेस का? जेवण गोड लागतं का?" असं विचारा. मग सुनेला वेगळं विचारा, सासूबाई पूर्वीसारख्याच आहेत का? दोघींचं जुळलं तर ठीक. जुळलं नाही तर एकीला खोटं ठरवू नका, तिथंच थांबा. डॉक्टरची गरज बहुधा त्याच घरात असते. आणि सुनेच्या शब्दावर आजीचा शब्द पुसू नका, नाहीतर उद्या नको असलेल्या म्हातारीला वेडी ठरवायला तेवढंच निमित्त मिळेल.

याला यंत्र लागत नाही, नवी योजना लागत नाही. घरामागे दहा मिनिटं जास्त लागतात, आणि त्या दहा मिनिटांचे पैसे आशाताईला द्यावे लागतात. महापालिकेनं आणि जिल्ह्याच्या आरोग्य खात्यानं एवढा हिशोब करावा. "बरी हाय मी" हे आजीचं उत्तर नाही, ती तिची रीत आहे. तिचं उत्तर अजून घ्यायचंच आहे.