काय सोडायचं, ते आधी ठरवा!

हातात मोबाइल आला आणि आपण सगळेच फोटोग्राफर झालो. पण माझं मत विचाराल, तर डिझाइन शिकायला जुना रोलवाला रेंजफाइंडर कॅमेराच बरा. त्याच्या प्रत्येक भागामागचा हेतू डोळ्यांना दिसतो.

जर्मनीतल्या ऑस्कर बर्नाक यांना दमा होता. काचेच्या प्लेटांचा अवजड कॅमेरा घेऊन हिंडणं त्यांना झेपेना. म्हणून त्यांनी सिनेमाची ३५ मिमी फिल्म आडवी वापरली आणि २४ × ३६ मिमीची फ्रेम घेतली. १९२५ साली ‘लायका’ बाजारात आला. आता एवढंसं निगेटिव्ह मोठं करायचं, तर फोकस अचूक हवा. म्हणून १९३२ च्या मॉडेलमध्ये लेन्सला जोडलेला रेंजफाइंडर आला.

त्यातली भूमिती शाळेतलीच. दोन खिडक्या, एक अर्धपारदर्शक आरसा, एक हलणारा. लेन्सची रिंग फिरवली की लिव्हरमार्फत दुसरा आरसा हलतो. दोन प्रतिमा एकावर एक बसल्या की फोकस झाला. बॅटरी नाही, काही नाही!

१९५४ च्या ‘लायका एम-३’मध्ये खिडक्यांतलं अंतर ६८.५ मिमी आहे. दहा मीटरवरच्या माणसासाठी दोन्ही नजरांत सुमारे ०.४ अंशाचा कोन पडतो, तो सहज पकडता येतो. आता आपल्या लोणारच्या काठावर उभे राहा. समोरचा काठ सुमारे १.८ किमीवर, तिथं हा कोन जवळपास शून्यच! लेन्स अनंतावर लावायची नि मोकळं व्हायचं. म्हणजे हे यंत्र जवळच्या माणसांसाठी आहे. शेगावच्या पालखीत कुणाला न बिचकवता फोटो काढायला उत्तम. आत आपटणारा आरसा नाही, त्यामुळे आवाज कमी आणि क्लिक होतानाही समोरचं दिसत राहतं. बदल्यात लांबच्या लेन्सला मर्यादा, अगदी जवळून फ्रेम चुकते. हे जाणूनबुजून सोडलेलं आहे.

१९६६ च्या ‘याशिका इलेक्ट्रो ३५’चा गिऱ्हाईक वेगळा, घरगुती. शटरचा वेग कॅमेराच ठरवतो; पिवळा दिवा म्हणजे हात हलेल, लाल म्हणजे उजेड जास्त. बस्स.

‘जुनं ते सोनं’ असं मी म्हणत नाही. लेन्समधूनच दाखवणारा एसएलआर पुढे गेला, तो योग्य कारणानंच. माझा मुद्दा आपल्या प्रोजेक्टचा आहे. रिपोर्टमध्ये फीचर्सची यादी दोन पानं, पण ‘कोणासाठी?’ याला अर्धी ओळ. पंप कंट्रोलरला ॲप जोडतो. रात्रीच्या लाइटीला ओल्या हातानं बटण दाबणारा शेतकरी कुणाच्या डोक्यात असतो का?

सरांना विनंती: व्हायवाला एक प्रश्न जरूर विचारा, ‘यात तुम्ही काय सोडलं आणि का?’ आणि मित्रांनो, उत्तर सबमिशनच्या आदल्या रात्री शोधू नका. पहिली वायर जोडण्याआधीच ते वहीत लिहून ठेवा.